तापट काठी, सोशिक काठी

४ मार्च

प्रिय ताई,

फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी तू "काय? काय म्हणालास?" करत शेवटी फोन ठेवून दिलास. तुझे कान त्या करवतीच्या यंत्राने खाल्ले आणि दोष तू माझ्या आवाजाला देतेस. म्हणून आपलं पत्रच बरं.

इकडे सगळं छान आहे. दर रविवारी नदीवर मासे धरायला जातो. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, हे या लग्नातून मिळालेलं जादा सुख. आता हीसुद्धा येते बरोबर. मागच्या महिन्यात हिने स्वतःच जाऊन दुकानातून एक काठी आणली, कार्बनची, पिसासारखी हलकी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही फास्ट आहे." हिने घरी येऊन मला विचारलं, काठी फास्ट म्हणजे काय? काठी काय पळते?

ताई, मला सांगता येईना. लहानपणापासून बाबांच्या आणि तुझ्या हातच्या काठ्या वापरतोय, आणि मी म्हणालो, "फास्ट म्हणजे... फास्ट." ही हसली. दातांची डॉक्टर आहे, हिला प्रत्येक गोष्टीचं मूळ बघावं लागतं. शेवटी म्हणालो, थांब, माझी बहीण काठ्या बनवते, तिला विचारतो. तर सांग. ज्याने आयुष्यात काठी धरली नाही त्यालाही कळेल असं लिही. ही फार उत्सुक आहे. डावखुरी असल्यामुळे दोरी भलत्याच बाजूला फेकते, माझी टोपी दोनदा नदीत गेली. पण हिला येईल असं वाटतं.

तुझा,
बारक्या

११ मार्च

बारक्या,

आशीर्वाद आहेच, तो काही पत्र बघून कमीजास्त होत नाही. तुझ्या पत्रात "ही" हा शब्द किती वेळा आलाय ते मोजायला बसले होते, मग सोडून दिलं, मला कामं आहेत.

इतकी वर्षं आपण दोघं एका नदीत कंबरभर पाण्यात उभे राहिलो. काठी अशी का वागते, हे तुला एकदाही मला विचारावंसं वाटलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा प्रश्न सुचला. असो. डॉक्टरीणबाईंना वाचून दाखव.

साध्या गळाला वजन असतं, ते वजन दोरीला ओढत नेतं. आपण गळाला पिसं बांधून जी खोटी माशी करतो तिला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल. म्हणून आपण माशी फेकत नाही, दोरी फेकतो. जाड दोरी मागे हवेत जाते, सरळ होते, तिच्या भाराने काठी वाकते, आणि वाकलेली काठी परत सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. म्हणजे सगळं काम त्या वाकण्यात आणि सरळ होण्यात आहे.

आता काठी बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असते. ती जाडी कशी उतरत जाते त्याला आम्ही उतार म्हणतो. बूड जाड ठेवलं आणि वर झपकन बारीक केली, तर फक्त शेंडा वाकतो, खालची काठी ढिम्म हलत नाही. थोडंसंच वाकायचं, म्हणून पटकन सरळ होते. ही दुकानातली फास्ट. हिच्याबरोबर हातही तेवढाच झटपट लागतो. क्षणभर उशीर झाला की दोरी मागे ढीग होऊन पडते. उतार हळूहळू दिला, बूड बारीक घेतलं, तर काठी पार मुठीपर्यंत वाकते आणि सावकाश सरळ होते. ही स्लो. ती तुम्हाला थांबायला वेळ देते, आणि दोरी मागे सरळ झाली की हाताला सांगतेसुद्धा.

बाबा फास्ट-स्लो म्हणायचे नाहीत हे तुला आठवतच असेल. एक तापट, दुसरी सोशिक. मी तापट आणि तू सोशिक असंही म्हणायचे, आणि तू लाजायचास.

कार्बन हलका, तो पटकन उसळतो. बांबू जड, तो रेंगाळतो. पण नुसत्या मालावर जाऊ नका. मी बांबूची तापट काठी करून देते आणि कार्बनची सोशिकही निघते. आणि कडक म्हणजे तापट नव्हे. ताकद वेगळी, स्वभाव वेगळा. दुकानात उभं राहून काठी हवेत हलवणारे लोक असतात ना, त्यांना काहीएक कळत नसतं. खात्री करायची असेल तर मूठ टेबलाला घट्ट बांधा आणि शेंड्याला छोटं वजन लटकवा, एखादी किल्लीसुद्धा चालेल. मग बघा कुठून वाकते. वरचा भाग तेवढा वाकला आणि खाली सरळसोट राहिली, तर तापट. मुठीपर्यंत कमान आली, तर सोशिक. झालं. यापेक्षा जास्त काही नाही त्यात, बाकी सगळा रंध्याचा आणि हाताचा भाग.

एप्रिलच्या शेवटी इथला हंगाम सुरू होतोय. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तू नेहमीसारखा एकटाच येशील असं धरून चालले आहे.

ताई

२० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. ही जेवायची थांबली. मग पुढचा तास आमच्या जेवणाच्या टेबलाला काठी बांधलेली होती आणि शेंड्याला दवाखान्याची किल्ली. तापटच निघाली. ही म्हणाली, "म्हणजे प्रश्न वेगाचा नाहीच. काठी कुठून वाकायला तयार आहे, याचा आहे." मला फार आवडलं हे. तुलाही आवडेल.

तुझं पत्र हिने खालच्या दवाखान्यात भिंतीवर लावलंय, दाढेच्या मोठ्या चित्राशेजारी. येणारे पेशंट तोंड उघडून वाचत असतात.

एक सांगायचं होतं. यंदा हंगामाच्या सुरुवातीला नाही येता येणार. हिच्या आईवडिलांकडे जायचं ठरलंय, हिने रजाही घेतली. मे महिन्यात बघू, नाहीतर जूनमध्ये नक्की. ही विचारत होती, ताई मला एकदा शिकवतील का? म्हटलं, विचारून बघतो.

बारक्या

२७ मार्च

बारक्या,

प्रश्न वेगाचा नाहीच म्हणे. दोन आठवड्यांत त्यांना काठीचं मर्म कळलं. मी उगाचच आयुष्य रंध्यावर घासलं.

माझं पत्र दाढेशेजारी लावलं हे वाचून धन्य झाले. आता कुणाच्या हिरड्या सुजल्या तर माझ्या अक्षराने उतरतात का बघा.

येऊ नकोस तर येऊ नकोस. बाबा गेल्यापासून हंगामाचा पहिला दिवस आपण कधी चुकवला नव्हता, पण त्याचं काय एवढं. सासरी जा, मान घे, खुर्चीवर बस. मी काही वाट बघत बसणारी नाही. तुझ्या खोलीत बांबू वाळत घातलेत.

शिकवायचं म्हणशील तर मी शिकवणी घेत नाही. तू आहेस की शिकवायला, टोप्या संपेपर्यंत.

ताई

१९ जून

प्रिय ताई,

अक्षर माझं नाही हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. हाताला जरा लागलं आहे, म्हणून हिला सांगून लिहून घेतो आहे. काळजीचं काही नाही. तुझी एप्रिलची आणि मेची अशी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर राहून गेलं, राग मानू नकोस.

एक काम आहे. एक काठी करून हवी आहे. मूठ डाव्या हाताची, आपण तळव्याला खळगा देतो तो डाव्या हातासाठी. मनगट सराईत नाही. हालचाल सावकाश होते, थांबून थांबून. अगदी पहिल्यापासून शिकायचं आहे असंच समज. तू करतेस त्यातली सगळ्यात सोशिक हवी. बाजारात सगळ्या तापटच मिळतात. घाई नाही, पण फार उशीरही नको.

यंदा माझं येणं होणार नाही.

बारक्या

२५ जून

बारक्या,

हाताला लागलं. काय लागलं, कशाने लागलं, कुठे लागलं, एक अक्षर नाही. मला दोन ओळी खरडायच्या तेव्हाच बरा हात सापडला लागायला. आता तुझं पत्रसुद्धा माझ्यापर्यंत डॉक्टरीणबाईंच्या हातून येणार. उद्या मी मेले तर तू रडणार की ते पण तिलाच सांगणार?

तीन महिने मूग गिळून बसलास. मी दोन पत्रं पाठवली, रोज पेटीत डोकावत होते, हेही लिहून टाकते, मला काय लाज. आणि तोंड उघडलंस ते कशासाठी? डाव्या हाताची मूठ हवी म्हणून. मला काय डोळे नाहीत? त्या घरात डावखुरं कोण आहे ते तूच लिहिलं होतंस. नाव घ्यायची तेवढी हिंमत झाली नाही.

बाबांच्या मागे मी गिऱ्हाइकांना काठ्या विकल्या, पण घरच्या म्हणून केल्या त्या फक्त तुझ्यासाठी. तिला ठाऊक आहे का हे? नसणार. तिने तुला बरोब्बर मुठीत ठेवलंय, आता माझ्या हातची मूठ पण हवी.

करते. नणंदेने नाही म्हटलं असं व्हायला नको. तिचा स्वभाव ओळखून करते.

ताई

८ ऑगस्ट

सौ. भावजयीस,

काठी या पत्रासोबत पाठवली आहे. दोन तुकडे आहेत, जोडताना पिळू नका, सरळ घाला. मूठ डाव्या हाताची केली आहे.

माझ्या हातची ही सगळ्यात सोशिक काठी आहे. हिच्यापेक्षा समजून घेणारी काठी कुणी करून देणार नाही. एवढं करूनही दोरी पुढे गेली नाही तर दोष काठीत शोधू नका, तो हातात असतो. तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका. काही हातांत ते नसतंच, त्याला कुणाचा इलाज नाही.

बारक्याचं लागलेलं बरं झालं असेल अशी आशा आहे.

त्याची ताई

३० ऑगस्ट

ताई,

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. पहिल्यांदाच तुम्हाला माझ्या मनचं लिहिते आहे, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणणार होते. पण तसं म्हणावंसं वाटत नाही.

एप्रिलमध्ये, नदीवर जायला बूट घालताना, यांना झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. माझ्या आईवडिलांकडे जाणं राहिलं, सगळंच राहिलं. बरेच दिवस बोलता येत नव्हतं. आता बोलतात, थोडं अडखळतात. आधाराची काठी टेकत चालतात. उजवा हात मात्र आला नाही, आणि येईल असं कुणी म्हणत नाही.

तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला. म्हणाले, "आईचं अंथरुणातलं सगळं ताईने केलं. आता माझं करायला येईल, दुकान बंद करेल, आणि तिचं आयुष्य यातच जाईल." मला ते पटलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं होतं. तुम्ही आला असतात तर माझ्याच घरात खुर्ची कुठे ठेवायची हे मला विचारावं लागलं असतं.

ती काठी माझ्यासाठी नव्हती. यांच्या डाव्या हातासाठी होती. तो हात चांगला आहे, पण अडाणी आहे, आणि एका बाजूने तोल सांभाळायचा तर प्रत्येक हालचाल सावकाश होते. पत्र लिहून घेताना मी म्हणाले होते, हे वाचून त्यांना वाटेल मला हवी आहे. हे म्हणाले, "ताईला कळेल." तुमचं उत्तर आलं ते यांनी वाचून खिशात ठेवलं, मला दाखवलं नाही.

काठी आली त्या दिवशी किती दिवसांनी घरात हसू आलं ते सांगत बसत नाही. तुमची चिठ्ठी माझ्या नावाची होती, म्हणून मीच मोठ्याने वाचली. मला काय माहीत तिच्यात काय आहे. सगळ्यात सोशिक काठी आहे, दोष हातात असतो, काही हातांत ते नसतंच. वाचून झाल्यावर मी चिठ्ठीची घडी घातली. मग हे म्हणाले, चला, बघू. मागच्या अंगणात गवतावर उभे राहिले. दोरी मागे ढीग होऊन पडली. पुन्हा तेच. आठवडाभर रोज तेच. मी ओल्या मातीला दोष देऊन बघितला, वाऱ्याला देऊन बघितला, शेवटी कारण शोधायचंही सोडलं. एके दिवशी यांनी काठी पिशवीत घातली आणि म्हणाले, "हात संपला." हाताचे व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्यांना दुसऱ्या दिवशी दारातून परत पाठवलं. तेव्हापासून खिडकीशी बसून आहेत. त्या बाई मला म्हणाल्या की आता हात थांबला तर पुढे अवघड जाईल.

काल दवाखाना बंद करून मी काठी खाली आणली. मूठ टेबलाला बांधली आणि शेंड्याला कपाटाची किल्ली लावली. वरचा भाग वाकला. खाली सरळसोट. मला वाटलं माझंच चुकतंय. तुमचं मार्चमधलं पत्र भिंतीवर आहेच, ते पुन्हा वाचलं. किल्ली काढून पुन्हा लावली. ताई, मी दात काढते. कुठला किडलाय आणि कुठला चांगला, हे बघितल्याशिवाय मी हात घालत नाही. या काठीचं मला काल कळलं.

चूक झाली की केली, हे मी विचारत नाही. यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोग नाही, तुमचा हात चुकत नाही यावर यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या सांगण्यावर नाही. याचं मला वाईट वाटतं. तुमचा हेवा वाटतो, आजचा नाही, लग्न झाल्यापासूनचा. बोलता येत नव्हतं त्या दिवसांत तोंडातून पहिला शब्द आला तो "ताई". मी शेजारीच बसले होते, यांचा हात हातात घेऊन.

तुम्हीच यांना लिहा. लवकर लिहा.

तुमची भावजय

४ सप्टेंबर

भावजयीस,

त्याला सोबतच्या पाकिटात सगळं लिहिलं आहे. झाकून काही ठेवलं नाही. तूही वाच. आता "तू"च म्हणते, मानून घे किंवा नको घेऊ.

त्याच्या डाव्या हाताचा तळवा कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मार आणि तो कागद मला पाठव. बोटं ताणायला लावू नकोस, जशी पडतात तशी पडू देत. व्यायामाच्या बाईंना पुन्हा बोलाव. तो नाही म्हणेल. माझं नाव सांग.

त्याच्या तोंडून पहिला शब्द कुठला आला ते तू मला कळवलंस. तुझ्या जागी मी असते तर कळवलं नसतं.

ताई

४ सप्टेंबर

बारक्या,

मी येत नाही. यायचं म्हणून पिशवी भरली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन रिकामी केली. कुठल्या तोंडाने येऊ? तू जे लपवलंस त्याबद्दल तुझ्याशी सावकाश भांडेन. आधी माझं ऐक.

काठी तापट आहे. चुकून झालेली नाही. बूड जाड ठेवलं, उतार झपकन दिला, शेंडा केसासारखा केला, आणि मग चिठ्ठीत लिहिलं की सोशिक आहे. मला वाटलं तिची आहे. तिची दोरी मागे ढीग होऊन पडावी, तिला वाटावं आपल्या हातातच काही नाही, आणि तू म्हणावंस की ताईसारखं कुणाला जमत नाही. एवढ्यासाठी केली. करताना मला मजा येत होती, हेही सांगते. बाबांनी बघितलं असतं तर रंधा माझ्या हातातून काढून घेतला असता.

तुझा हात संपलेला नाही. ती काठी माझ्या चांगल्या उजव्या हातालाही घाई करते, मी स्वतः फेकून बघितली होती. सरावाच्या माणसाचीसुद्धा दोरी तिने पाडली असती. तुझ्या डाव्या हाताचा यात काहीएक दोष नाही. चिठ्ठीतलं वाक्य न् वाक्य खोटं आहे. तिच्यासाठी लिहिलं होतं आणि लागलं तुला.

नवीन करायला घेतली आहे, दोन्ही तुकडे नवीन. बूड बारीक घेतलंय आणि उतार इतका हळू दिलाय की बांबूच्या पट्टीवर बोट फिरवलं तर कळतसुद्धा नाही कुठे जाडी गेली. कमान तुझ्या तळव्यात उतरेल. दोरी मागे सरळ झाली की तुला ती हातात ओढल्यासारखी लागेल, तेव्हा पुढे ने. त्याआधी नको. तू थांबशील तितका वेळ ती थांबेल. सरस वाळायला वेळ लागतो, त्याला मी काही करू शकत नाही, नाहीतर उद्याच पाठवली असती.

हे ओळखलं तुझ्या बायकोने. किल्ली लावून, माझ्याच पत्रावरून. मला तिचा अजून राग येतो. आता तर जास्तच येतो, कारण तिचं बरोबर आहे.

ताई

१८ नोव्हेंबर

ताई,

हे अक्षर डाव्या हाताचं. हसू नको. रोज थोडं लिहितो. मधे शाई बदलली ती त्यामुळे.

काठी आली. सोशिक आहे. दोरी मागे जाते, मी थांबतो, ती पण थांबते. नदीत अजून उतरू देत नाहीत. गवतावर फेकतो. काल दोरी फाटकापर्यंत गेली. व्यायामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, पण बरं वाटलं.

आता ऐक. पहिली काठी तापट आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिशवीतून काढून हातात धरली तेव्हाच, दोरीसुद्धा बांधली नव्हती. इतकी वर्षं तुझ्या काठ्या धरतोय, मला कळणार नाही? का केलीस तेही कळलं. तुझं जूनचं पत्र खिशात होतं. तुझा गैरसमज काढायचा तर उत्तर हिच्या हातूनच लिहावं लागलं असतं, आणि मग ते पत्र हिला दाखवावं लागलं असतं. म्हणून नाही लिहिलं. मला वाटलं होतं, रागावलीस तरी काठी करताना तुझा राग जाईल.

मग ही तुझी चिठ्ठी वाचत होती आणि मी काठी धरून बसलो होतो. तेव्हा ठरवलं. माझी बहीण अशी वागली असं हिला सांगण्यापेक्षा माझा हात मेला असं सांगणं सोपं होतं. आठवडाभर त्या काठीने उगाच फेकत राहिलो, नाहीतर हिला खरं वाटलं नसतं. ही किल्ली लावून बघेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण व्यायाम सोडला ते नाटक नव्हतं. तेवढं मला लागलं होतं. तुझ्या पत्रानंतर धरला पुन्हा.

तापट काठी आता ही वापरते. हिला जमते, डावा हात आहेच. नदीवर लोक बघत उभे राहतात. तुझ्या हातची सगळ्यात चांगली काठी तीच आहे असं मला वाटतं, आणि ती हिच्याकडे आहे. मला थोडं पोटात दुखतं.

आणखी एक. तुझी पत्रं आता दर आठवड्याला येतात आणि पाकिटावर हिचं नाव असतं. ही वाचते, हसते, आणि खणात ठेवून देते. मला दाखवत नाही. काय लिहिता तुम्ही दोघी? माझ्याबद्दल असेल तर मला कळायला हवं. माझ्याबद्दल नसेल तर जास्तच कळायला हवं.

बारक्या